सिंधूवरील शिडाच्या नौका

नागपूर शहराच्या उत्तर भागात जरीपटका नावाची गजबजलेली वस्ती आहे. ‘जरीपटका’ हा शब्द मराठ्यांच्या इतिहासात मोठ्या मानाचा आहे. जरीचे जे निशाण मराठी फौजेच्या अग्रभागी फडकत असे, त्यास जरीपटका म्हणत. परंतु आज या वस्तीच्या बाजारातून फिरताना मराठी आणि हिंदी यांच्या जोडीला आणखी एक भाषा वारंवार कानी पडते. ती भाषा सिंधी होय. 1947 साली देशाची फाळणी झाली आणि सिंध प्रांत पाकिस्तानात गेला. तेथील लक्षावधी हिंदू कुटुंबांना आपले घरदार सोडून निघावे लागले. कोणी कराचीहून आगबोटीने मुंबईस आले. कोणी आगगाडीने राजस्थानचे वाळवंट ओलांडून आले. त्यांपैकी काही कुटुंबे नागपुरास पोहोचली आणि जरीपटक्यात त्यांनी नव्याने संसार मांडला. घर, शेत, दुकान, शाळा असे पुष्कळ काही मागे राहिले होते. परिश्रमाने ते पुन्हा उभे करता आले. पण एक गोष्ट अशी होती, की ती कोणासही बरोबर आणता येण्याजोगी नव्हती आणि नव्याने उभारता येण्याजोगीही नव्हती. ती म्हणजे त्यांची नदी.

सिंधू नदीला सिंधी लोक प्रेमाने ‘दर्याह’ म्हणतात. मराठीत दर्या म्हणजे समुद्र. सिंधीत दर्याह म्हणजे नदी. संस्कृतातील ‘सिंधु’ या शब्दाचेही नदी आणि समुद्र असे दोन्ही अर्थ होतात. ज्या नदीचे पैलतीर पुराच्या दिवसांत दृष्टीस पडणे कठीण, तिला समुद्राचे नाव शोभून दिसते. तिबेटात मानससरोवराच्या परिसरात उगम पावून, लडाखमधून वाहत, पुढे पंजाबच्या पाच नद्यांचे पाणी पोटात घेऊन ती सिंध प्रांतात शिरते आणि सुमारे 3,200 किलोमीटरचा प्रवास संपवून अरबी समुद्रास मिळते. सिंधमध्ये पाऊस फारच थोडा. नागपुरात वर्षाकाठी शंभर सेंटीमीटरहून अधिक पाऊस पडतो. सिंधच्या बहुतेक भागात तो वीस सेंटीमीटरही पडत नाही. असे असूनही तेथे गहू पिकतो, भात पिकतो, गावे आणि शहरे नांदतात. हे सर्व त्या एका नदीच्या पाण्यामुळे. नदीच्या दोन्ही बाजूंच्या हिरव्या पट्ट्यापलीकडे पाऊल टाकले, की पूर्वेस वाळू लागते आणि पश्चिमेस उघडे डोंगर लागतात.

अशा प्रदेशात जुन्या काळी प्रवास कसा होत असेल? जमिनीवरील वाटा वाळूच्या, नाही तर चिखलाच्या. उन्हाळ्यात हिमालयातील बर्फ वितळू लागे, पुढे त्यात पावसाळ्याच्या पाण्याची भर पडे आणि नदी काठ सोडून दूरवर पसरे. मग बैलगाडीही अडे. तेव्हा सिंधी माणसाचा खरा रस्ता पाण्यावरून जात असे. धान्य, लोकर, तूप, कापड, लाकूड अशी प्रत्येक वस्तू नौकेतून जाई. वऱ्हाडी पायी नदीपर्यंत चालत जात आणि पुढे नावेतून परगावी पोहोचत. सक्कर, रोहरी, सेहवन, कोटरी, ठठ्ठा ही नावाजलेली गावे नदीच्या काठी किंवा तिच्या जवळपास वसली आणि नदीच्याच आधाराने मोठी झाली.

रस्ता म्हणून नदीचा उपयोग करताना मात्र एक अडचण येते. साधा रस्ता जाण्यास आणि येण्यास सारखाच असतो. नदीचे तसे नाही. प्रवाहाबरोबर जाणे सोपे. नौका पाण्यात सोडावी आणि सुकाणू सांभाळावे, की ती आपोआप खाली जाते. पण परत येताना तोच प्रवाह समोरून उरावर येतो. मालाने भरलेली अवजड नौका केवळ वल्ह्यांच्या बळावर शेकडो कोस वर नेणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. ज्या नदीवरून केवळ जाता येते पण परतता येत नाही, ती नदी व्यापाराच्या फारशी उपयोगी पडत नाही.

सिंधूच्या बाबतीत ही अडचण निसर्गाने आपल्या हाताने दूर केली होती. सिंधमध्ये नदी साधारणपणे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. उन्हाळा सुरू झाला, की तेथील वाळवंटी भूमी अतिशय तापते. तिच्यावरील हवा तापून हलकी होते आणि वर चढते. तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरील थंड हवा आत धाव घेते. त्यामुळे चैत्र-वैशाखापासून भाद्रपदापर्यंत नैऋत्येकडून जोराचा वारा वाहत राहतो. म्हणजे पाणी दक्षिणेकडे जाते आणि वारा उत्तरेकडे जातो. खाली जाताना नावाडी शीड उतरवून ठेवी आणि प्रवाहाच्या स्वाधीन होई. वर येताना शीड उभारी आणि वाऱ्याच्या स्वाधीन होई. एकाच रस्त्यावर जाण्यास एक वाहन आणि येण्यास दुसरे, आणि दोन्हींस मोल नाही, अशी ही व्यवस्था होती.

हा वारा केवळ नावाड्यांचाच सोबती नव्हता. हैदराबाद नावाचे एक शहर सिंधमध्येही आहे. तेथील जुन्या घरांच्या गच्च्यांवर वारा पकडण्यासाठी उंच धुराड्यासारखी बांधकामे असत. त्यांस ‘मंघ’ म्हणत. सर्व घरांवरील मंघांची तोंडे एकाच दिशेस, नैऋत्येस, केलेली असत. वारा त्यांतून खाली उतरे आणि कडक उन्हाळ्यातही घरातील खोल्या निवत. जो वारा नदीवर शीड फुगवी, तोच शहरात माणसांस निजवी.

असे नशीब जगातील फार थोड्या नद्यांच्या वाट्यास आले आहे. मिसर देशातील नाईल नदी त्यांपैकी एक होय. ती दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि तिच्यावरील वारा बहुधा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. म्हणून तेथेही हजारो वर्षे शिडाच्या नौका चालत आल्या. उलट, विदर्भातील नद्यांची कहाणी पाहावी. वैनगंगा, वर्धा आणि त्या दोघींच्या संगमातून झालेली प्राणहिता या नद्यांतून व पुढे गोदावरीतून कापूस समुद्रापर्यंत न्यावा, अशी एक योजना एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने हाती घेतली होती. परंतु या नद्यांच्या पात्रांत खडकांचे मोठमोठे अडसर होते. पावसाळा संपला, की पाणी ओसरे आणि खडक उघडे पडत. बरेच द्रव्य खर्ची पडल्यावर 1871 साली ती योजना सोडून द्यावी लागली. तोपर्यंत नागपुरास आगगाडी येऊन पोहोचलीही होती. म्हणून आपल्याकडील नद्यांवर पैलतीरी नेणारे लहान डोंगे दिसतात. दूरवर माल नेणारी शिडाची मोठी नौका येथे रुळली नाही. कोकणातील खाड्यांत मात्र भरती-ओहोटी आणि वारा यांच्या साहाय्याने मचवे व पडाव आत गावांपर्यंत येत असत. नौका कोठे चालावी हे शेवटी पाणी आणि वारा हेच ठरवितात.

सिंधूवरील मालवाहू नौकेस ‘डुंढी’ म्हणत. समुद्रावर चालणाऱ्या गलबताहून तिची घडण अगदी निराळी होती. गलबताचा तळ खोल आणि निमुळता असतो, कारण त्यास लाटांशी झुंजावयाचे असते. डुंढीचा तळ सपाट असे. याचे कारण नदीच्या स्वभावात आहे. सिंधू हिमालयातून अपार गाळ वाहून आणते. तो गाळ आज येथे बसतो, उद्या तेथे. काल जेथे दोन पुरुष पाणी होते, तेथे आज वाळूचा दांडा वर आलेला असतो. खोल तळाची नौका अशा ठिकाणी रुतते आणि कलंडते. सपाट तळाची नौका थोड्या पाण्यातूनही सरकते, आणि रुतलीच तरी पाटासारखी बसून राहते. डुंढीचा पुढील भाग उतरता वर गेलेला असे, त्यामुळे धक्का बांधलेला नसला तरी ती सरळ काठावर चढविता येई. मागील भाग त्याहूनही उंच असे. सिंधमध्ये बाभूळ विपुल आहे, तिचे लाकूड चिवट असते. ते नौकेच्या कामी येई. हिमालयातील देवदाराचे ओंडकेही नदीच्या प्रवाहातून खाली येत. ज्या नदीवर नौका तरावयाची, त्याच नदीने तिचे लाकूड आणून द्यावे, यात सिंधी सुतारास काही नवल वाटत नसे. सिंधच्या तालपूर घराण्यातील मीर राजांच्या ‘झंपटी’ नावाच्या शाही नौका मात्र याहून पुष्कळ सुंदर आणि शृंगारलेल्या असत.

वारा अनुकूल असला, की डुंढीच्या डोलकाठीवर भले मोठे शीड चढे आणि नौका संथपणे प्रवाह कापीत वर जाऊ लागे. पण नदी काही सुतासारखी सरळ वाहत नाही. ती वळणे घेते. वळणावर नौकेचे तोंड फिरे आणि जो वारा आतापर्यंत पाठीमागून येत होता, तो बाजूने किंवा समोरून येऊ लागे. अशा वेळी शीड उतरवावे लागे. मग नावाडी काठावर उड्या घेत. डोलकाठीच्या शेंड्यास बांधलेला लांब दोर खांद्यावर घेऊन, ओळीने वाकून, ते नौका ओढीत चालत. दोर शेंड्यासच बांधण्याचे कारण असे, की काठावरील झाडाझुडपांवरून तो अडथळ्याशिवाय पुढे सरकावा. वळण संपे, वारा पुन्हा पाठीशी येई, आणि दमलेले नावाडी नौकेत चढून शिडाच्या सावलीत बसत. हा प्रवास वेगाचा नव्हता. माणूस पायी चालेल तितकाच, किंबहुना त्याहूनही मंद असा तो असे. तथापि एका नौकेत जितका माल मावे, तितका नेण्यास उंटांचा मोठा तांडा लागला असता.

सुकाणू धरणाऱ्यास पाणी वाचता यावे लागे. पाण्याचा पृष्ठभाग कोठे काचेसारखा गुळगुळीत आहे, कोठे बारीक सुरकुत्या पडल्या आहेत, कोठे भोवरा फिरतो आहे, काठ कोठे नुकताच ढासळला आहे, या सर्व खुणांवरून तळाशी काय आहे याचा तो अंदाज बांधी. या नदीचा नकाशा काढून काही उपयोग नव्हता. दर पुरानंतर तो खोटा ठरे. म्हणून बापाने लेकास नदी दाखवावयाची आणि लेकाने दरवर्षी ती नव्याने शिकावयाची, अशी ही विद्या होती.

ही विद्या ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्या नावाडी आणि कोळी लोकांस ‘मोहाणा’ म्हणतात. त्यांपैकी पुष्कळ कुटुंबांचे घर म्हणजे त्यांची नौकाच होय. नौकेवर चूल, नौकेवर पाळणा, नौकेवर कोंबड्या आणि शेळ्या. बाप सुकाणूवर असे, आई रांधीत असे, आणि पोरे चालावयास शिकण्याच्या सुमारासच पोहावयास शिकत. सिंधूच्या पश्चिमेस, सेहवन गावाजवळ, मंछर नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. पुराच्या दिवसांत नदीचे पाणी आत शिरून ते कित्येक पटींनी पसरते आणि पूर ओसरला की पुन्हा आखडते. या सरोवरावर मोहाण्यांची तरंगती गावेच्या गावे असत. नक्षीकाम केलेल्या लाकडी नौका एकमेकींस लागून उभ्या राहत. शेजाऱ्याकडे जावयाचे तर लहान होडीत बसून जावे लागे. हिवाळ्यात उत्तरेकडील थंड देशांतून हजारो पाणपक्षी तेथे उतरत. ते पकडण्याची मोहाण्यांची एक युक्ती मोठी मजेची आहे. माणूस गळ्यापर्यंत पाण्यात शिरे आणि डोक्यावर पेंढा भरलेला बगळा बसवी. पक्ष्यांस वाटे, आपलाच कोणी भाऊबंद येत आहे! सरोवरातील कमळेही वाया जात नसत. कमळाचे चिखलातील खोड सिंधी घरांत भाजी म्हणून आवडीने खातात. त्यास सिंधीत ‘बीह’ म्हणतात. सिंध सोडून आलेल्या घरांतही त्याची गोडी कमी झालेली नाही.

मोहाण्यांची दुसरी युक्ती याहूनही विलक्षण आहे. ‘पल्ला’ नावाचा एक चंदेरी मासा असतो. बंगालात त्यासच इलिश म्हणतात. तो राहतो समुद्रात. परंतु उन्हाळ्यात नदी फुगू लागली, की अंडी घालण्यासाठी नदीत शिरतो आणि प्रवाहाविरुद्ध पोहत दूरवर वर जातो. त्यास पकडण्यासाठी कोळी नौकेऐवजी मातीचा मोठा, पक्का भाजलेला घडा घेई. घड्याच्या तोंडावर तो पालथा पडे. त्याच्या पोटाने घड्याचे तोंड झाकले जाई आणि आत पाणी शिरत नसे. पाय हलवून तो तरंगत जाई आणि हातातील लांब काठीचे जाळे पाण्यात सोडी. मासा सापडला, की शरीर जरासे उचलून तो त्यास घड्यात टाकी. एकच वस्तू त्याची होडीही होती आणि टोपलीही होती. कुंभाराच्या चाकावर घडविलेली ही होडी जगातील सर्वांत स्वस्त होड्यांपैकी एक म्हणावी लागेल.

सिंधूवरील नौका किती जुन्या असतील? सिंधमध्येच लारकाना जिल्ह्यात मोहेंजोदडो या प्राचीन नगराचे अवशेष आहेत. 1922 साली तेथे उत्खननास आरंभ झाला. तेथे सापडलेल्या एका मुद्रेवर आणि मातीच्या एका लहान पट्टीवर नौकेचे चित्र कोरलेले आहे. नौकेची दोन्ही टोके उंच उचललेली आहेत, मध्यभागी एक खोपट आहे. ही नगरे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी भरभराटीत होती. मंछर सरोवरातील नौका पाहून अनेक अभ्यासकांस त्या कोरीव चित्राची आठवण झाली आहे. मधल्या काळात राज्ये आली आणि गेली, भाषा बदलल्या, धर्म बदलले. परंतु नदी तीच असल्यामुळे तिच्यावर चालणाऱ्या नौकेचा आकार फारसा बदलला नसावा.

जेथे सर्व जीवन नदीवर अवलंबून, तेथे श्रद्धाही नदीभोवतीच गुंफली जाते. सक्कर आणि रोहरी यांच्या मध्ये नदीत बेटे आहेत. त्यांपैकी साधबेलो या बेटावर हिंदूंचे प्रसिद्ध देवस्थान आहे. दुसऱ्या एका बेटावर ‘जिंदा पीर’ यांचे स्थान आहे. मुसलमान नावाडी त्यांस ख्वाजा खिज्र म्हणत, तर हिंदू त्यांस झुलेलाल किंवा उडेरोलाल म्हणत. पल्ला मासा याच पिराच्या दर्शनासाठी समुद्रातून सक्करपर्यंत येतो आणि दर्शन घेऊन परत फिरतो, असा काठावरील लोकांचा समज होता. झुलेलाल यांच्या चित्रातही पाण्यावर मासा, माशावर कमळ आणि कमळावर ते स्वतः बसलेले दाखवितात. सिंधमधील उडेरोलाल या गावी तर हिंदू आणि मुसलमान दोघांचीही उपासना एकाच आवारात चालते. सिंधी भाषेचे थोर कवी शाह अब्दुल लतीफ यांनी आपल्या काव्यात ‘सामुंडी’ आणि ‘सरीराग’ हे दोन विभाग नाखवे, नौका आणि त्यांची वाट पाहणारी माणसे यांच्यासाठी राखून ठेवले आहेत. पुरात पैलतीरी जावयाचे असो वा वर माल न्यावयाचा असो, नावाडी प्रथम नदीस हात जोडी. नदी अन्न देते, आणि एखाद्या रात्री गावही नेते, हे त्यास ठाऊक होते.

या जुन्या जीवनाचा शेवट कसा झाला, हेही समजून घेतले पाहिजे. 1831 साली अलेक्झांडर बर्न्स नावाचा एक तरुण इंग्रज अधिकारी सिंधूच्या मुखातून नौकांनी वर निघाला. त्याच्याबरोबर पाच धिप्पाड विलायती घोडे आणि एक गाडी होती. इंग्लंडच्या राजाकडून लाहोरच्या महाराजा रणजितसिंहांस भेट म्हणून ती न्यावयाची होती. घोडे जमिनीवरून न नेता पाण्यावरून नेण्यामागे हेतू निराळाच होता. नदी किती खोल आहे, तिच्यातून फौज आणि तोफा नेता येतील काय, हे इंग्रजांस पाहावयाचे होते. घोडे पोहोचले आणि नदीची माहितीही मिळाली. इंग्रजांनी नदी पाहिली, आता सिंध गेला, असे काठावरील एका माणसाने खेदाने म्हटल्याचे बर्न्सने स्वतःच लिहून ठेवले आहे. ते भाकीत खरे ठरावयास बारा वर्षे लागली. 1843 साली मियाणीच्या लढाईत मीरांचा पराभव झाला आणि सिंध इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे हा प्रांत मुंबई इलाख्यास जोडण्यात आला आणि 1936 पर्यंत तो त्यातच होता. म्हणजे सिंध आणि महाराष्ट्र यांचा कारभार बराच काळ एकाच राजधानीतून चालत होता.

इंग्रजांनी सिंधूवर आगबोटी आणल्या. त्या वाऱ्याची वाट पाहत नसत. पण त्यांस बदलत्या वाळूने फार छळले आणि शिडाच्या नौका चालूच राहिल्या. खरा बदल झाला तो लोहमार्गामुळे. 1861 साली कराचीपासून कोटरीपर्यंत आगगाडी धावू लागली. 1878 साली ती पुढे मुलतानकडे गेली. 1889 साली सक्करजवळ लॅन्सडाउन पूल पुरा झाला आणि आगगाडीने नदीही ओलांडली. जो माल नौकेतून पोहोचण्यास आठवडे लागत, तो आता एक-दोन दिवसांत पोहोचू लागला. व्यापाऱ्यांनी नदीकडे पाठ फिरविली. त्यानंतर कालव्यांसाठी नदीवर मोठमोठे बंधारे आले. 1932 साली सक्करचा 66 दरवाजांचा बंधारा पूर्ण झाला. 1955 साली कोटरीचा आणि 1962 साली गुड्डूचा बंधारा झाला. या बंधाऱ्यांनी लक्षावधी एकर ओसाड भूमी पिकाखाली आणली. त्यांचा हा उपकार लहान नव्हे. परंतु नदीची जी एक अखंड वाट होती, तिचे तुकडे झाले. पल्ला मासाही कोटरीच्या बंधाऱ्याशी अडला. आता वर्षातील पुष्कळ दिवस कोटरीच्या खाली नदीत पाणी अत्यल्प असते, आणि जेथे पूर्वी गोडे पाणी होते, तेथे समुद्राचे खारे पाणी आत शिरते.

मंछर सरोवराचेही दैव फिरले. शेतांतून निचऱ्याचे खारट पाणी वाहून आणणारा कालवा त्यात सोडण्यात आला. हळूहळू सरोवराचे पाणी खारे होत गेले, मासे घटले, कमळे नाहीशी झाली. पुष्कळ मोहाणे नौका सोडून दुसरीकडे पोट भरावयास गेले. 2022 सालच्या भयंकर पुरात हेच सरोवर इतके भरले, की मोठी गावे वाचविण्यासाठी त्याचा बांध मुद्दाम फोडावा लागला आणि खेडी पाण्याखाली गेली. सक्करजवळ आजही काही मोहाणा कुटुंबे लाकडी नौकांवर राहतात. पण शिडांची जागा बहुतेक ठिकाणी यंत्रांनी घेतली आहे. यंत्र वाऱ्यापेक्षा जलद चालते हे खरे. तरी वारा आणि पाणी यांचा स्वभाव ओळखून चालणारे जे ज्ञान होते, ते यंत्रास लागत नाही, म्हणून ते माणसांतूनही नाहीसे होत आहे.

जरीपटक्यातील लोकांपैकी ज्यांनी ती शिडे प्रत्यक्ष पाहिली, असे आता थोडेच उरले आहेत. फाळणीच्या वेळी जे दहा वर्षांचे होते, त्यांनी आज वयाची पंच्याऐंशी वर्षे ओलांडली आहेत. त्यांच्या नातवंडांस नागपूर हेच आपले गाव वाटते, आणि ते योग्यच आहे. सिंधूचा भारतातील भाग लडाखमध्ये आहे. 1997 सालापासून तेथे भरणाऱ्या सिंधुदर्शनाच्या उत्सवास देशभरातून सिंधी लोक जातात. परंतु तेथील सिंधू डोंगरांतून उसळत जाणारी आहे. शिडाची नौका संथपणे वर नेणारी ती विशाल नदी तेथे दिसत नाही.

तरीही नदीचे काही अंश लोकांनी बरोबर आणलेच. चैत्र महिन्यात, गुढीपाडव्याच्या सुमारास, सिंधी लोकांचे नववर्ष येते. त्यास चेटीचंड म्हणतात. त्या दिवशी कणकेचा दिवा, खडीसाखर, वेलदोडे, फळे आणि कलश यांनी सजविलेला ‘बहराणा’ वाजतगाजत पाण्याकाठी नेतात आणि तो पाण्यास अर्पण करतात. नदी नसेल तर तलाव, तलाव नसेल तर विहीर. पण पाणी हवेच. झुलेलाल यांचा जयजयकार करताना ‘बेडा पार’ हे शब्द सर्वांच्या तोंडी असतात. ‘आता बेडा पार झाला’ असे मराठीतही म्हणतात, पण ते म्हणताना बेडा म्हणजे नावांचा तांडा, याची आठवण क्वचितच कोणास होते. पुरातून आपली नाव पैलतीरी सुखरूप लागो, ही त्या शब्दांतील मूळ प्रार्थना आहे. ती प्रथम ज्यांनी केली, त्यांच्या समोर खरोखरीचे पाणी होते आणि डोक्यावर खरोखरीचे शीड होते. जरीपटक्यातील एखादे लहान मूल त्या मिरवणुकीत आजोबांचे बोट धरून चालत असेल आणि त्याने विचारले, की आपण दिवा पाण्याकडेच का नेतो, तर आजोबांस त्या नदीपासूनच आरंभ करावा लागेल.